एका चिमणीचे ऋण

काही माणसांच्या आयुष्याला वळण देणारा प्रसंग इतका लहान असतो की, तो घडला त्या दिवशी त्याचे महत्त्व कोणालाही कळत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली गोष्ट. मुंबईतील एका सुखवस्तू घरातला दहा-बारा वर्षांचा मुलगा हवेच्या बंदुकीने चिमण्या टिपीत असे. त्याचे मामा नावाजलेले शिकारी होते. भाच्यानेही पुढे मोठा शिकारी व्हावे, अशी त्या घराची रीत होती आणि मुलाचीही तीच हौस होती. एके दिवशी त्याने पाडलेली एक चिमणी त्याला नेहमीसारखी दिसेना. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती घेऊन तो मामांकडे गेला. मामांनाही ते पाखरू ओळखता आले नाही. मात्र त्यांनी मुलाला उडवून लावले नाही. एक चिठ्ठी लिहिली आणि त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव मिलर्ड यांच्याकडे पाठविले.

गोऱ्या साहेबासमोर जायचे म्हणून मुलगा बिचकतच गेला. मिलर्ड यांनी पाखरू हातात घेतले, ओळखले, आणि मग एकामागून एक कपाटांचे खण उघडून भुसा भरून ठेवलेले शेकडो पक्षी त्याला दाखविले. आपल्या देशात इतक्या प्रकारची पाखरे आहेत, हे त्या मुलाला त्या दिवशी प्रथम कळले. तो बाहेर पडला तेव्हा त्याच्या हातात वाचायला दिलेली पुस्तके होती. हा मुलगा म्हणजे पुढे जगविख्यात झालेले पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली. एका चिमणीच्या मरणातून त्यांच्या विद्येचा जन्म झाला. ते ऋण त्यांनी कसे फेडले, आणि फेडताना त्यांच्याही हातून कोठे चूक झाली, हे आपण सर्वांनी समजून घेण्यासारखे आहे.

सालिम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. घर सुलेमानी बोहरा मुसलमानांचे. भावंडे पुष्कळ. सालिम एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे होताहोता आईही गेली. अमीरुद्दीन तय्यबजी हे मामा आणि त्यांच्या पत्नी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी या पोरक्या भावंडांना पोटच्या लेकरांसारखे वाढविले. शाळेत सालिम काही चमकले नाहीत. सततच्या डोकेदुखीमुळे अभ्यासात खंड पडला. १९१३ साली ते कसेबसे मॅट्रिक झाले. सेंट झेवियर्स महाविद्यालयात पाऊल टाकले खरे, पण पहिल्याच वर्षानंतर ते सोडून ब्रह्मदेशात तावॉय येथे घरच्या व्यवसायात मदत करण्यासाठी गेले. तेथे वुल्फ्राम या खनिजाच्या खाणी होत्या, लाकडाचा व्यापार होता. पण हिशेबाच्या वह्यांपेक्षा भोवतालच्या अरण्यातील पाखरांकडेच त्यांचे लक्ष अधिक. व्यवसाय काही धड चालला नाही. १९१७ मध्ये ते मुंबईस परतले आणि दुसऱ्या वर्षी तहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

येथे आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबावे असे एक स्थळ आहे. मुंबईस परतल्यावर सालिम व्यापारी कायदा आणि हिशेबनिशी शिकू लागले. पण सेंट झेवियर्समधील वनस्पतिशास्त्रज्ञ फादर ब्लॅटर यांनी त्यांची खरी आवड हेरली आणि प्राणिशास्त्राच्या वर्गांना बसण्याचा आग्रह धरला. तेवढेच काय ते त्यांचे रीतसर शास्त्रीय शिक्षण. पदवी अशी त्यांना मिळालीच नाही. त्या एका कारणाने प्राणिसर्वेक्षण विभागातील पक्षिशास्त्रज्ञाची जागाही त्यांच्या हातून गेली. पुढे विद्यापीठांनी त्यांना सन्मानाच्या पदव्या दिल्या, तेव्हा ते डॉक्टर झाले. पदवी निरुपयोगी असते असा याचा अर्थ कोणी काढू नये. तथापि विद्या आणि पदवी यांची नेहमीच गाठ पडते असे नाही, एवढे मात्र यातून उघड होते.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविभागात त्यांना मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. दोन वर्षांतच तिचा कंटाळा आला. आपले ज्ञान अपुरे आहे ही बोच त्यांना स्वस्थ बसू देईना. रजा काढून ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्रा. एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली काम करू लागले. त्या काळी पक्षिशास्त्र म्हणजे बहुतांशी मेलेल्या पक्ष्यांची कातडी गोळा करणे, त्यांची लांबीरुंदी मोजणे आणि त्यांना लॅटिन नावे देणे. श्ट्रेझेमान यांच्याजवळ नवी दृष्टी होती. पक्षी जिवंतपणी काय करतो, काय खातो, घरटे कोठे बांधतो, हेही त्यांच्या लेखी शास्त्रच होते. हेलिगोलँड बेटावरील केंद्रात पक्ष्यांच्या पायात खुणेची कडी अडकवून त्यांचे प्रवास शोधण्याची पद्धतही सालिम शिकले. १९३० मध्ये ते मायदेशी परतले, तो काटकसरीपायी त्यांची जागाच रद्द झालेली!

नोकरी नाही, हाती पैसा नाही. अशा स्थितीत हे जोडपे मुंबईसमोरच्या किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीम गावी जाऊन राहिले. तेथे तहमिनाबाईंच्या माहेरचे घर होते. पावसाळा सुरू झाला आणि घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत भरली. सालिम रोज तासन् तास तेथे बसून राहू लागले. कोणता नर, कोणती मादी, कोणते घरटे कोणाचे, याच्या नोंदींनी वह्या भरू लागल्या.

या निरीक्षणातून जे बाहेर आले ते आपल्या भाषेलाच धक्का देणारे होते. सुगरण हे नाव आपण दिले ते गृहकृत्यदक्ष बाईवरून. एवढे सुबक घरटे विणणारी ती मादीच असणार, असे आपण गृहीत धरून चाललो होतो. प्रत्यक्षात विणकर असतो तो नर! तो घरटे अर्धेच विणतो. मग माद्या येतात, आत-बाहेर फिरून ते पाहतात. एखादीला पसंत पडले की ती ते ताब्यात घेते, आणि मगच नर ते पूर्ण करतो. तेथे अंडी घातली जातात न जातात, तोच हा गृहस्थ जवळच दुसरे घरटे विणावयास घेतो आणि दुसरी जोडीदारीण शोधतो. एका हंगामात त्याचे असे दोन-तीन संसार होतात. या पक्ष्याच्या संसाराचा हा क्रम सालिम अलींपूर्वी कोणी इतक्या बारकाईने उलगडला नव्हता. १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. लोक काय मानतात ते बाजूला ठेवावे, स्वतः बसावे आणि पाहावे, हा धडा किहीमच्या त्या झाडाने त्यांना दिला. पुढचे सारे आयुष्य ते त्याच धड्यावर चालले. एके ठिकाणी मात्र तो धडा अपुरा पडला. ती हकीकत पुढे येईलच.

किहीमनंतर सालिम अलींची भ्रमंती सुरू झाली. त्या काळी अनेक संस्थानांच्या मुलखातील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी झालेलीच नव्हती. त्यांनी सोसायटीपुढे प्रस्ताव मांडला. संस्थानांनी खर्च द्यावा, आपण वेतन न घेता काम करू. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन आणि नंतर इतर अनेक प्रदेश त्यांनी पालथे घातले. कधी बैलगाडी, कधी उंट, कधी पायपीट. तंबूतला हा संसार तहमिनाबाईंनी आनंदाने सांभाळला. विलायतेत शिकलेली, सुखात वाढलेली ही स्त्री रानावनात नवऱ्याबरोबर राहिली. त्याच्या इंग्रजी लिखाणावरही तिचे बारीक लक्ष असे. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तिचे निधन झाले. सालिम अलींचे वय तेव्हा त्रेचाळीसच्या आतबाहेर होते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण कामू आणि मेव्हणे यांच्याकडे ते राहू लागले आणि स्वतःला त्यांनी कामात बुडवून घेतले.

या पाहण्यांत त्यांनी पक्षी मारले नाहीत असे नाही. नमुने गोळा करण्यासाठी ते बंदूक चालवीतच असत, आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपविली नाही. परंतु हळूहळू त्यांच्या वह्यांतील नोंदींचा रोख बदलत गेला. पक्ष्याच्या मापाशेजारी झाडाचे नाव येऊ लागले, पाण्याची खोली येऊ लागली, पिकांची नोंद येऊ लागली. कोणता पक्षी कोठे आहे, याबरोबरच तो तेथेच का आहे आणि पलीकडच्या डोंगरावर का नाही, हा प्रश्न त्यांना पडू लागला. पक्षी आणि त्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत, ही जाणीव याच काळात पक्की झाली असावी. आज ज्याला आपण अधिवास म्हणतो, त्याचा अभ्यास तो हाच.

१९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांची ओळख करून देणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. रंगीत चित्रे, सोपी भाषा आणि खिशाला परवडेल असे रूप यांमुळे पक्षिनिरीक्षण हा केवळ साहेबलोकांचा छंद राहिला नाही. शिक्षक, कारकून, शाळकरी मुले दुर्बीण घेऊन बाहेर पडू लागली. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांचा दहा खंडांचा महाग्रंथ सिद्ध केला. १९६८ ते १९७४ या काळात त्याचे खंड निघाले. शेवटचा खंड आला तेव्हा सालिम अली सत्त्याहत्तरी उलटून गेले होते.

आता राजस्थानातील भरतपूरकडे वळू. तेथील केवलादेव घना हे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे पाणथळ रान. ते मुळात निसर्गाने दिलेले नव्हे. भरतपूरच्या राजांनी अजान बांधाचे पाणी सखल जमिनीत खेळवून बदकांच्या शिकारीसाठी ते तयार केले होते. तेथे १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ मोठी शिकार झाली. एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले गेले. तो आकडा अभिमानाने दगडावर कोरून ठेवण्यात आला आणि आजही तेथे तो वाचावयास मिळतो. योगायोग असा की, त्याच दिवशी सालिम अली बेचाळीस वर्षांचे झाले होते.

स्वातंत्र्यानंतर वेगळेच संकट आले. राजेरजवाडे गेले, मग त्यांचे शिकारीचे तळे तरी कशाला राखायचे? ते आटवून जमीन शेतीला द्यावी, पाणी पिकांना वळवावे, अशी मागणी पुढे आली. भुकेल्या देशात ती चुकीची म्हणणेही कठीण होते. सालिम अलींनी हा प्रश्न थेट पंडित नेहरूंपर्यंत नेला. हिवाळ्यात मध्य आशियातून आणि सायबेरियातून हजारो मैल उडून येणाऱ्या बदकांना, हंसांना, क्रौंचांना उतरायला दुसरी अशी जागा नाही, हे त्यांनी पटवून दिले. घना वाचले. महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत चालू राहिला.

याच तळ्यावर सोसायटीने पक्ष्यांच्या पायात कडी अडकविण्याचे मोठे काम केले. या कामाला जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य मिळाले. कर्नाटकातील क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये माकडांचा आणि माणसांचा बळी घेणारा ताप उद्भवला होता. स्थलांतर करणारे पक्षी गोचिडांबरोबर असा रोग दूरदूर नेतात की काय, हे तपासायचे होते. हेलिगोलँडला शिकलेली विद्या अशी तीस वर्षांनी कामी आली. मुंबईच्या सोसायटीला कळवा असा मजकूर कोरलेली ती कडी घालून सोडलेली पाखरे पुढे सोव्हिएत रशियाच्या दूरच्या प्रांतांत सापडली. भरतपूरचे तळे आणि सैबेरियाचे दलदलीचे मैदान ही एकाच पाखराची दोन घरे आहेत, त्यांतले एक मोडले तर दुसरे असून नसून सारखे, हे या लहानशा कड्यांनी सिद्ध केले.

महाराष्ट्रातील वाचकांना अधिक जवळची वाटेल ती माळढोकाची कथा. सुगरणीच्या नावात आपल्या भाषेने चूक केली, पण माळढोकाच्या नावात ती अगदी अचूक ठरली आहे. या पक्ष्याच्या नावातच त्याचे घर आहे. पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा हा भारदस्त पक्षी उघड्या माळावर राहतो, गवतातले टोळ, किडे, सरडे, दाणे खातो आणि भुईवरच बहुधा एकच अंडे घालतो. राष्ट्रीय पक्षी निवडण्याचा विषय निघाला, तेव्हा सालिम अलींनी माळढोकाचे नाव आग्रहाने पुढे केले. मोर देशभर आहे, लोक त्याला देवाचे वाहन म्हणून जपतातच. ज्याचे अस्तित्व धोक्यात आहे त्याला हा मान दिला तर तो वाचेल, असा त्यांचा विचार होता. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. माळढोकाच्या इंग्रजी नावात एक अक्षर चुकले तर त्याची शिवी होते, या भीतीनेही तो मागे पडला असे गमतीने सांगतात!

गमतीचा भाग सोडून देऊ. माळढोकाच्या नशिबी खरे दुःख आहे ते त्याच्या घराचे. जंगल तोडले तर कोणाला तरी हळहळ वाटते. माळ मोडला तर मात्र विकास झाला असेच सारे म्हणतात. आपल्या दप्तरी माळ म्हणजे पडीक जमीन. कोणी तेथे कालवा आणतो, कोणी कारखाना उभारतो, तर कोणी पुण्यकर्म म्हणून झाडे लावतो. माळढोकाला मात्र झाडीही परकीच. १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतील ८,४९६ चौरस किलोमीटर प्रदेश माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर झाला. नान्नजचा माळ हे त्याचे केंद्र. पण एवढ्या मुलखात गावे होती, शेते होती, बाजारपेठा होत्या. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि ज्या पक्ष्याचे रक्षण करायचे, त्याच्याविषयीच शेतकऱ्यांच्या मनात कडवटपणा भरला. पुढे अभयारण्य सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. २०१८ च्या सुमारास साऱ्या देशात मिळून दीडशेच्या आसपास माळढोक उरले असावेत असा अंदाज होता, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात. वजनदार असल्याने झटकन वळता न येणारा हा पक्षी आता विजेच्या उंच तारांना धडकूनही मरतो. ज्या माळाने त्याला नाव दिले, तो माळ आपल्याकडे त्याच्याविना ओस पडत चालला आहे.

केरळमधील सायलेंट व्हॅलीच्या लढ्यातही सालिम अली होते. कुंतिपुळा नदीवर धरण बांधून वीज काढण्याची योजना होती. ते प्राचीन वर्षावन आणि त्यातील सिंहपुच्छ वानर पाण्याखाली जाऊ नये म्हणून देशभरातून आवाज उठला. ऐंशीच्या घरातील या वृद्धाने तेथे जाऊन योजना रद्द करण्याची मागणी केली. १९८४ मध्ये त्या खोऱ्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. १९८६ च्या जानेवारीत आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यात आणखी एक आनंदाची गोष्ट घडली. जेर्डनचा कोर्सर हा निशाचर पक्षी १९०० नंतर कोणी पाहिल्याची नोंद नव्हती. सोसायटीच्या संशोधकांनी स्थानिक फासेपारध्यांसारख्या जाणत्या लोकांची मदत घेऊन तो पुन्हा शोधून काढला. हा पक्षी काही घनदाट अरण्यात लपलेला नव्हता. ज्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते अशा विरळ, काटेरी झुडपांच्या रानात तो गपचूप जगत होता.

आता मघाशी राखून ठेवलेली हकीकत सांगावयास हवी. थोरांची चरित्रे लिहिताना असा भाग गाळण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु सालिम अलींच्या बाबतीत तो गाळला तर त्यांच्या विद्येचाच अपमान होईल.

भरतपूरच्या घनामध्ये आसपासच्या खेड्यांतील म्हशी पिढ्यान् पिढ्या चरत आल्या होत्या. या म्हशींमुळे पाणथळीचा नाश होतो, पक्ष्यांना त्रास होतो, असे सालिम अली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे मत होते. त्या काळी जगभर हाच विचार रूढ होता. राखीव वन म्हणजे माणूस आणि गुरेढोरे यांना मज्जाव. १९८२ मध्ये घना राष्ट्रीय उद्यान झाले आणि चराई बंद करण्यात आली. गावकऱ्यांना पर्याय मिळाला नाही. त्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही गावकरी मृत्युमुखी पडले. जेथे पूर्वी व्हाइसरॉयची बंदूक चालली, त्याच तळ्याकाठी पाखरांच्या नावाने माणसांवर बंदूक चालली, ही गोष्ट विसरता येण्यासारखी नाही.

पण हकीकत येथे संपत नाही. या बंदीच्या आधीच, १९८० मध्ये, सोसायटीने घनाच्या परिसराचा दीर्घकाळ चालणारा अभ्यास हाती घेतला होता आणि त्यामागे सालिम अलीच होते. तरुण संशोधक वर्षानुवर्षे तेथे राहिले. त्यांनी पाणी मोजले, गवत मोजले, मासे मोजले, पाखरे मोजली. १९९१ मध्ये अंतिम निष्कर्ष पुढे आले, तेव्हा सारेच चकित झाले. म्हशी गेल्यावर पाण्यात पसरणारे एक गवत बेसुमार माजले होते. पूर्वी म्हशी ते खाऊन आटोक्यात ठेवीत. आता उघडे पाणी त्याने गुदमरले, माशांची जागा गेली आणि पाणपक्ष्यांचीही. पाण्यातील कंद उकरून खाणाऱ्या सायबेरियन क्रौंचाचेही त्या दाट गवतापुढे काही चालेना. ज्याला घराचा शत्रू मानले, तो घराचाच एक रहिवासी निघाला! पुढे गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची परवानगी देण्यात आली. म्हणजे म्हशींचे काम विळ्याने करावे लागले.

हे निष्कर्ष ऐकायला सालिम अली राहिले नव्हते. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. ते असते तर त्यांनी काय केले असते, हे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. एवढे मात्र निश्चित की, त्यांचे मत खोटे पाडणारा अभ्यास त्यांच्याच संस्थेने, त्यांच्याच पुढाकाराने आणि किहीमच्या झाडाखाली त्यांनी स्वतः घालून दिलेल्या रीतीने केला. सुगरणीविषयी लोकांची समजूत चुकीची ठरली ती त्यांच्या वहीने. म्हशींविषयी त्यांची समजूत चुकीची ठरली ती त्यांच्या शिष्यांच्या वहीने. ज्याची विद्या त्यालाच दुरुस्त करण्याइतकी खरी असते, तो गुरू मोठा म्हणावयास हवा. खेद इतकाच की, निरीक्षण आधी आणि बंदी नंतर असा क्रम लागला असता तर त्या गावकऱ्यांचे प्राण वाचले असते.

सालिम अलींना मानसन्मान पुष्कळ लाभले. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण आणि १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती. १९७६ मध्ये जागतिक ख्यातीचे जे. पॉल गेटी पारितोषिक मिळाले. त्याची रक्कम पन्नास हजार डॉलर होती. ती त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीला दिली. शरीर कृश, आवाज बारीक, राहणी साधी. १९८५ मध्ये त्यांचे आत्मचरित्र आले. नाव कशावरून असेल? चिमणीच्या पतनावरूनच! जवळजवळ ऐंशी वर्षे उलटली तरी ते पहिले पाखरू ते विसरले नव्हते.

आज गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटावर खारफुटीच्या वनातले पक्षी अभयारण्य त्यांच्या नावाने ओळखले जाते. औरंगाबादेतील, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरातील, एका तळ्यालाही त्यांचे नाव आहे. नावे देणे सोपे असते. तळ्याला पाणखाद्य, बेटाला खारफुटी आणि माळाला गवत राखणे अवघड असते. भरतपूरला येणारे सायबेरियन क्रौंच २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर पुन्हा दिसले नाहीत. वाटेतल्या देशांत त्यांची शिकार झाली, वाटेतली तळी सुकली. त्यांचे एक घर आपण राखले, तरी बाकीच्या घरांचे दरवाजे बंद झाले.

यातून आपण काय घ्यावे? आपण काही सारेच पक्षिशास्त्रज्ञ होणार नाही. पण आपल्या गावाबाहेरही एखादा माळ असतो, एखादे डबके, ओढ्याकाठची झुडपे, जुन्या वाड्यामागचे बोरीचे रान असते. सातबाऱ्यावर त्याची नोंद पडीक अशी असते. ते मोडावे की राखावे यावर बोलण्याआधी वर्षभर तेथे जाऊन बसावे, कोण येते, कोण जाते, गुराखी काय सांगतो ते एका साध्या वहीत लिहावे. त्या वहीला पदवी लागत नाही, बंदूक तर मुळीच लागत नाही. हवेच्या बंदुकीने एक चिमणी पाडलेल्या मुलाला ते ऋण फेडायला सारे आयुष्य लागले. आपण निदान एक वही तरी भरावी.